पाहुणे आले, विषय घरी ठेवून

१४ जून २०२५ रोजी मुंबईत पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रं देण्यात आली. स्कॉटलंडचं अ‍ॅबर्डीन, इंग्लंडचं यॉर्क, पर्थचं वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, शिकागोचं इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि डिझाइन शिकवणारी इटलीची आयईडी. नवी मुंबईत, विमानतळाजवळ, सिडकोच्या एज्युसिटीत ही मंडळी येणार आहेत. त्या दिवसापासून कानांवर पडणारे विषय ठरलेले आहेत: कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा सायन्स, सायबर सुरक्षा, बिझनेस, डिझाइन.

मला विचारायचंय ते एवढंच. समाजशास्त्र कुठे आहे? मानववंशशास्त्र? गुन्हेगारीशास्त्र?

हा प्रश्न कुणाला आगंतुक वाटेल, म्हणून थोडी माहिती देतो. अ‍ॅबर्डीनमध्ये १९९९ साली टिम इंगोल्ड आले आणि त्यांनी मानववंशशास्त्राचं काम उभं केलं. फिनलंडमध्ये रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांत राहून शिकलेला हा माणूस. माणूस ज्या जमिनीवर राबतो तिच्याशी त्याचं नातं कसं जुळतं, यावर त्यांचं लिखाण जगभर वाचलं जातं. पर्थमध्ये रोनाल्ड आणि कॅथरीन बर्न्ट या जोडप्याने १९५६ पासून मानववंशशास्त्र रुजवलं; ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचे विधी, गाणी, जमिनीवरचे हक्क त्यांनी आयुष्यभर नोंदले. यॉर्कमध्ये समाजशास्त्राचा विभाग विद्यापीठाच्या सुरुवातीच्या वर्षांपासून आहे आणि गुन्हेगारीशास्त्रात पदवीही मिळते. म्हणजे ज्या तीन विषयांबद्दल मी बोलतोय ते तिन्ही या पाहुण्यांच्या घरी आहेत. येताना ते घरीच राहताहेत. आणि याला पाहुणे जबाबदार नाहीत. आपण मागितलंच नाही.

वास्तविक या विषयांची गरज कुठल्या शहराला असेल तर ती नवी मुंबईला. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. ते शहर वसवायला १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरणमधली ९५ गावं, ३४४ चौरस किलोमीटर. त्या गावांत आगरी होते, कोळी होते, कराडी होते, डोंगराच्या कडेला कातकरी होते. भातशेती, मिठागरं, खाडीतली मासळी यांवर चालणारं जगणं एका अधिसूचनेने नकाशाच्या खाली गेलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन झालं, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच शेतकरी हुतात्मे झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचं तत्त्व त्या रक्तातून आलं. आज वाशीपासून उरणपर्यंत कुणालाही ‘साडेबारा टक्के’ म्हणा, पुढचं वाक्य तो पूर्ण करतो.

मग विमानतळ आला. आणखी दहा गावं उठली. उलव्याची टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, माणसं वडघर, वहाळ, करंजाडेकडे गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं.

या साठ वर्षांत इथल्या माणसांचं काय झालं? साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळाल्यावर किती घरांत भावाभावांत वाद लागले, किती बहिणींची नावं हक्कसोडपत्रावर सही घेऊन कमी झाली? बिल्डरला भूखंड विकून आलेला पैसा दुसऱ्या पिढीपर्यंत टिकला का? गावकऱ्यांनी परवानगीविना उभारलेल्या घरांसाठी ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ हा शब्दप्रयोग शासन निर्णयात शिरेपर्यंत त्या घरांत कोण भाड्याने राहायला आलं, कुठल्या राज्यातून आलं, कुठल्या कामावर गेलं? गावठाणाच्या या बाजूला चार फुटांची गल्ली आणि त्या बाजूला सिडकोने आखलेल्या नोडचा रुंद रस्ता, यांच्यामधून रोज धुणीभांडी करायला जाणाऱ्या बाईला शहर कसं दिसतं? यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर संगणकाच्या पडद्यावर आपोआप उगवत नाही. कुणीतरी दारात जाऊन बसावं लागतं, पाणी प्यावं लागतं, दुसऱ्यांदा जावं लागतं, तिसऱ्यांदा खरं उत्तर मिळतं. हेच शिकवणारे विषय आहेत हे.

नवी मुंबईवरचं सर्वांत दखलपात्र पुस्तक अन्नपूर्णा शॉ यांनी लिहिलं. ते २००४ मध्ये आलं, इंग्रजीत, आणि लेखिका कोलकात्याच्या आयआयएममध्ये शिकवणाऱ्या. त्यांचे उपकारच मानायला हवेत. पण जासईच्या, दिवाळे कोळीवाड्याच्या, कोंबडभुजेच्या मुलीने मराठीत लिहिलेलं तसं पुस्तक माझ्या कपाटात नाही, आणि ही खंत मी रोज बाळगतो.

मुंबईत समाजशास्त्र सुरू झालं ते १९१९ मध्ये. पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडीस. हे गृहस्थ नगररचनाकार होते, हे आज एज्युसिटीचे आराखडे काढणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावं. गेडीस मुंबई इलाख्यातल्या गावा-शहरांत फिरले होते, सहा शहरांच्या पुनर्रचनेवर त्यांनी १९१५ मध्ये अहवाल लिहिला होता. त्यांचा आग्रह असा की आधी पायी हिंडा, गल्ली पाहा, विहीर पाहा, लोक कुठे बसतात ते पाहा, आणि मगच पेन्सिल उचला. सरसकट पाडापाडी करू नका, जिथे श्वास कोंडतो तेवढीच जागा मोकळी करा. मुंबईने शहर आखणाऱ्या माणसाला समाजशास्त्राची खुर्ची दिली होती. शंभर वर्षांनंतर आखलेल्या शहरात विद्यापीठं येताहेत आणि खुर्चीचं नावही निघत नाही. त्याच १९१९ साली भाऊराव पाटलांनी काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, जिची महाविद्यालयं पुढे वाशीत, पनवेलमध्ये, उरणच्या फुंड्यात उभी राहिली आणि प्रकल्पग्रस्तांच्या मुलांच्या एका पिढीला पदवीपर्यंत घेऊन गेली. ती मुलं आज पदव्युत्तर शिक्षणासाठी दार शोधताहेत. दार शेजारीच बांधलं जातंय. त्या दारावर त्यांच्या गावाचा विषय नाही.

गेडीसनंतर मुंबईच्या विभागाची धुरा आली मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे. त्यांच्याच हाताखाली इरावती कर्व्यांनी एम. ए. केलं, चित्पावनांवर प्रबंध लिहून. मग त्या बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे होते. कवटीच्या आकारावरून युरोपीय गोरा माणूस बुद्धीने वरचढ ठरतो, असं त्यांना दाखवून हवं होतं. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की असा काही संबंध दिसत नाही. पंचविशीच्या आतबाहेरची, परक्या देशातली, परक्या भाषेत लिहिणारी मुलगी. गाइडला हवं ते उत्तर न देता हाताशी आलेलं उत्तर तिने दिलं. पुढे १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकवत राहिल्या, महाराष्ट्रभर हिंडत राहिल्या.

‘युगान्त’साठी आपण त्यांना ओळखतो. मला त्यांचं एक कमी वाचलं जाणारं काम इथे आठवतं. कोयना धरणाने जी गावं बुडाली त्यांतली माणसं कुठे गेली, कशी राहताहेत, याची पाहणी त्यांनी मुलगी जाई निंबकर हिच्यासह केली. १९६९ मध्ये ती डेक्कन कॉलेजने छापली. लगेच पुढच्या वर्षी, १९७० मध्ये, सिडको स्थापन झाली; त्याच वर्षी इरावतीबाई गेल्या. विस्थापितांचा अभ्यास कसा करायचा याचा नमुना महाराष्ट्रात, मराठी माणसांच्या हातचा, छापून तयार होता. नवी मुंबईच्या ९५ गावांना त्या तोडीची पाहणी दर दहा वर्षांनी मिळायला हवी होती. पाहणी याचा अर्थ इथे एकच उरला: जमीन मोजणी.

या विषयांनी इथे फक्त पुण्य केलं असंही कुणी समजू नये. त्यांचा जुना अपराध मोठा आहे आणि मराठीतही त्याची नोंद आहे. ‘गावगाडा’ लिहिणारे त्रिंबक नारायण आत्रे हे मराठी ग्रामजीवनाचे पहिले मोठे अभ्यासक. १९१५ चं ते पुस्तक आजही वाचावं असं आहे. पण त्याच्या चार वर्षं आधी, १९११ मध्ये, त्यांचं दुसरं पुस्तक आलं होतं: ‘गुन्हेगार जाती’. त्याच वर्षी गुन्हेगार जमातींचा सुधारित कायदा सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी झाला. त्याआधी १९०८ मध्ये मुंबई इलाख्याच्या पोलीस खात्यातल्या मायकेल केनेडीने इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वर एक जाडजूड ग्रंथ लिहून ठेवला होता: कुठली जात काय चोरते, कुठल्या भाषेत बोलते, कशी ओळखायची. समाजशास्त्र, मानववंशशास्त्र आणि गुन्हेगारीशास्त्र तिन्ही एका टेबलाशी बसले आणि त्यांनी पोटात असलेल्या मुलालाही चोर ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांच्या रूपाने त्याची सावली राहिली. पारध्याच्या पालावर पोलिसांची गाडी आजही आधी जाते.

या टेबलावर वेगळं बोलणारेही होते. ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातींच्या उगमावर निबंध वाचला. जात रक्तावर किंवा वंशावर ठरत नाही, जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनावर ती उभी असते, हे त्यांनी मांडलं. नाकाच्या मोजमापाने जातीची उंची सांगणाऱ्या रिस्लेचा सिद्धांत घुर्यांनी १९३२ च्या पुस्तकात तपासून बराचसा मोडीत काढला. आणि खरा तडाखा दिला तो लक्ष्मण मान्यांच्या ‘उपरा’ने आणि लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ने. ज्यांच्यावर केनेडीने प्रकरणं लिहिली, त्यांच्या नातवंडांनी पेन हातात घेतलं. गुन्हेगारीशास्त्राच्या वर्गात ही दोन आत्मकथनं पहिल्या आठवड्यात वाचून घ्यावीत, बाकी सिद्धांत नंतर.

म्हणून माझा आग्रह फक्त विषय आणा असा नाही. ज्यांचा अभ्यास झाला त्यांची मुलं अभ्यासकाच्या खुर्चीत बसली पाहिजेत. नाहीतर यॉर्कहून प्रश्नावली येईल, उलव्यात भरली जाईल आणि उत्तरं यॉर्कला जातील.

गुन्हेगारीशास्त्राबद्दल आपल्याकडे एक मोठा गैरसमज आहे. मालिका पाहून मुलं येतात, त्यांना वाटतं रक्ताचे डाग, बोटांचे ठसे, खुन्याच्या मनाचा माग. तो न्यायसहायक विज्ञानाचा भाग झाला, तोही महत्त्वाचा. गुन्हेगारीशास्त्र विचारतं की एखादं कृत्य गुन्हा कधी ठरतं, कुणाला पकडलं जातं, कोण सुटतं, कोण आत राहतं. नवी मुंबईच्या मुलाला हे समजून घ्यायला लांब जायला नको. खारघरजवळ तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. देशभरची आकडेवारी सांगते की २०२२ च्या अखेरीस तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यांतली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. शंभरात पंच्याहत्तरहून जास्त जणांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच आरोपी असलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचं असतं. त्याला अपवाद आहेत, फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे त्यात येत नाहीत. पण जो या कलमात बसतो त्याची फाइल शोधायची कुणी? त्याच्या घरच्यांना फोन कुणी करायचा, जामीनदार नसलेल्याची व्यवस्था कुणी लावायची? वाशीच्या पुलापलीकडे देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हे काम शिकवतात. त्यांचा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० पासून तुरुंगांत आणि पोलीस ठाण्यांत सामाजिक कार्यकर्ते पाठवतो. असे कार्यकर्ते प्रत्येक जिल्ह्याला हवेत. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगात जातीनुसार काम वाटण्याचे नियम घटनाबाह्य ठरवले, विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजण्यालाही चाप लावला. त्या खटल्यामागे सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकाराने तुरुंगनियमांवर केलेलं चिवट काम होतं. विद्यापीठाच्या विभागाने करावं असं ते काम एका बातमीदाराने केलं.

आता घरातलं बोलतो. बारावीनंतर मुलीने समाजशास्त्र म्हटलं की आई विचारते, “अगं, पण त्याला स्कोप काय?” प्रश्न चुकीचा नाही. ज्या घराने जमीन गमावली ते घर पोराच्या नोकरीबद्दल घाबरणारच. पण उत्तर देण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे ते गप्प बसतात. त्या पोकळीत एकच उत्तर शिरलंय: स्पर्धा परीक्षा. यूपीएससीत वैकल्पिक विषयाचे पाचशे गुण, मानववंशशास्त्राचा अभ्यासक्रम आटोपशीर, म्हणून इंजिनीअर मुलंही ते घेतात. आता राज्यसेवेची मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाली, तिथेही समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र हे दोन्ही विषय यादीत आले. मुलांनी अधिकारी जरूर व्हावं. पण कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक, हे गुणांसाठी पाठ करणारा मुलगा पनवेल तालुक्यातल्या वाडीवर एकदाही जात नाही. दिवाळीनंतर तीच वाडी वीटभट्टीवर निघून जाते, शाळेचा हजेरीपट अर्धा रिकामा होतो. उद्या तो तिथला तहसीलदार होईल. कर्जत-पनवेलच्या उचलीच्या व्यवहाराबद्दल त्याला दोन ओळीही कुणी शिकवलेल्या नसतील.

स्कोप मोजायचाच तर तोही इथेच आहे. ठाणे खाडीवर वाशीला तिसरा पूल निघाला तेव्हा मच्छीमार उच्च न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांच्या नुकसानभरपाईचा प्रश्न उचलून धरला. आता भरपाई ठरवायची कशी? होडीचा परवाना असलेल्याचं नाव कागदावर असतं. ओहोटीला चिखलात उतरून हाताने शिंपल्या, चिंबोऱ्या काढणारी बाई कुठल्या कागदावर असते? तिचं उत्पन्न, तिची जागा, तिचा हंगाम नोंदायला शिकलेलं माणूस लागतं. प्रत्येक पुलाला, बंदराला, मेट्रोला सामाजिक परिणामांचा अहवाल लागतो, आणि तो बहुधा दूरच्या सल्लागार कंपनीत, गावात न गेलेल्या माणसाकडून लिहिला जातो. या नोकऱ्या आहेत. पगाराच्या आहेत. आपली मुलं त्यांत नाहीत.

आणि काही गोष्टी नोकरीच्या पलीकडच्या. आगरी लग्नात धवलारीण असते. लग्नाचे विधी तिच्या गाण्यांवर चालतात. मांडव, हळद, प्रत्येक टप्प्याला तिचे धवले. ना पोथी, ना छापील पुस्तक, सगळं पाठ, आईकडून, सासूकडून, गावातल्या एखाद्या म्हातारीकडून आलेलं. बाई पुरोहित असलेली ही परंपरा सायन-पनवेल महामार्गापासून हाकेच्या अंतरावर जगते आहे. हळदीला डीजे लागतो तेव्हा तिचा आवाज ऐकू येत नाही. मिठागर गेलं, खार गेली, जिताड्याची खाडी गाळाने भरली, आणि ज्या गाण्यांत त्या सगळ्याची नावं आहेत ती गाणी साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायकांच्या घशात उरली आहेत. बर्न्ट दांपत्याने आर्नहेम लँडमध्ये जे केलं ते इथे करायला हवं, आणि या पाच वर्षांत करायला हवं. पर्थचंच विद्यापीठ इथे येतंय. त्यांनी संगणक शिकवावा, पण ते ज्यात वाकबगार आहेत ते काम दाराशी पडलेलं असताना त्याकडे पाठ करून बसू नये.

यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनी परदेशी विद्यापीठांना शुल्क आणि प्रवेश ठरवायची मोकळीक दिली आहे, त्यामुळे विषयांची सक्ती दिल्लीहून होणार नाही हे मला मान्य आहे. पण जमीन दिल्लीची नाही. सिडकोच्या भूखंडाच्या करारात चटई क्षेत्राचं कलम असतं, पार्किंगचं असतं, किती वर्षांत बांधकाम पुरं करायचं याचं असतं. त्यात आणखी चार कलमं बसतात. या तीन विषयांचे विभाग पहिल्या पाच वर्षांत सुरू करावेत. ९५ गावांतल्या आणि विमानतळाच्या दहा गावांतल्या मुलांना त्यात शुल्कमाफीच्या जागा ठेवाव्यात. प्रबंध मराठीत लिहायची मुभा द्यावी. आणि गावांत जाऊन गोळा केलेल्या नोंदींची, ध्वनिमुद्रणांची एक प्रत बेलापूरला, कुणालाही पाहता येईल अशी ठेवावी. २४ जून २०२१ ला विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून सिडको भवनाला हजारोंनी वेढा घातला होता. तो वेढा पुकारणाऱ्या कृती समितीच्या पुढच्या निवेदनात ही चार कलमं असावीत, आणि ते निवेदन करारावर सह्या होण्याआधी पोचावं.